एल्क पडल्यानंतर

अँकरेज, अलास्का
ऑगस्टअखेर

मुक्ता,

विद्यापीठातल्या दोन सोबत्यांबरोबर ऑक्टोबरात बोझमनच्या दक्षिणेला, गॅलटिन डोंगरांत, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं तू ठरवलंस, हे ताईने फोनवर सांगितलं. तंबू, शिधा आणि रायफल असं सगळं पाठीवर घेऊन पाच दिवस चालायचं, आणि तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा. ताईने पुढे विचारलं, "तिघांकडे बंदुका असताना अस्वलाची एवढी काय भीती?" प्रश्न साधा आहे. उत्तर फोनवर देण्याइतकं छोटं नाही, आणि ते तुला कळणं जास्त गरजेचं आहे, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्याच मोंटानातली एक जुनी नोंद. तारीख १४ जून १८०५. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम मिझुरी नदीने पश्चिमेकडे चालली होती. आज जिथे ग्रेट फॉल्स शहर आहे, त्या भागात लुईस एकटाच फिरत होता. त्याने एक बायसन टिपला आणि तो कोसळायची वाट बघत उभा राहिला. बंदूक ठासणीची, पुन्हा भरायचं त्याच्या ध्यानातून गेलं. मान वळवून पाहतो तो मागे वीस पावलांवर ग्रिझली. आसपास झाड नाही, झुडूप नाही. अस्वल जबडा वासून धावलं, लुईस पळत नदीत कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हातातला भाला रोखून उलटा फिरला. अस्वलाला काय वाटलं कोण जाणे, ते वळून निघून गेलं. बंदूक यापुढे भरायला लागेल तेवढ्या वेळापलीकडे रिकामी ठेवायची नाही, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. त्याच्या महिनाभर आधी क्लार्क आणि मोहिमेतला शिकारी द्रुइयार या दोघांनी एका अस्वलाला दहा गोळ्या घातल्या होत्या. त्यातल्या पाच फुप्फुसांतून गेल्या, तरी ते निम्मी नदी पोहून वाळूच्या बेटावर पोहोचलं आणि मरायला त्याला वीस मिनिटं लागली. म्हणजे लुईसला अस्वलाची ताकद ठाऊक होती. हत्यार हातात होतं. नेमका बार काढल्यानंतरचा क्षण त्याला भोवला, कारण त्याचं सगळं लक्ष पडणाऱ्या जनावरावर होतं.

ठासणीच्या बंदुका गेल्या, पण तो क्षण अजून तिथेच आहे. ग्रिझलीच्या मुलखात शिकारीला जाणाऱ्याने सगळ्यात जास्त विचार याच वेळेचा करायला हवा. एल्क पडतो, माणसं खूश होतात, सॅक खाली येतात, बाह्या सरसावल्या जातात, सुऱ्या निघतात. रायफली कुठल्यातरी झाडाला टेकून उभ्या राहतात. पुढचे दोन-तीन तास तिघंही गुडघ्यांवर, माना खाली, हात रक्ताने आणि चरबीने माखलेले. आणि ताज्या आतड्यांचा वास वाऱ्यावर कुठवर गेला याचा कुणाला पत्ता नसतो.

अस्वलाला तो असतो. ऑक्टोबरात ते थंडीच्या झोपेआधीची चरबी साठवत असतं आणि दिवसातला बहुतेक वेळ खाण्यात घालवतं. यलोस्टोनच्या आसपास व्हाइटबार्क पाइन या झाडाच्या बिया हे त्याचं शरदातलं मोठं खाणं. पण त्या बिया चांगल्या पिकोत की कमी, एल्कच्या शिकारीचा हंगाम सुरू होताच अस्वलं राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, शिकाऱ्यांच्या मुलखाकडे सरकतात, असं रेडिओ कॉलर लावलेल्या अस्वलांवरून संशोधकांच्या ध्यानात आलं. २००४ साली ते प्रसिद्धही झालं. शिकारी मागे टाकून जातात ती आतडी आणि हाडं अस्वलांना पक्की माहीत झाली आहेत. १९७५ साली या अस्वलांना कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा यलोस्टोनच्या परिसरात ती दीडशेच्या आत उरली असावीत असा अंदाज होता. आता हजाराच्या आसपास मानतात. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तुझ्यासारखी वन्यजीवांचा अभ्यास करणारी मुलगी तिचं मोल जाणतेच. पण तुमच्या एल्कवर हक्क सांगायला कुणी येण्याचा संभव त्याच प्रमाणात वाढला आहे.

वायोमिंगमधल्या टेटन रानातली सप्टेंबर २०१८ची घटना तू ऐकली असशील. एका अनुभवी वाटाड्याबरोबर आलेल्या शिकाऱ्याने आदल्या दिवशी बाणाने एल्क मारला होता. दुसऱ्या दिवशी तो सापडला आणि दोघं तो सोलायला बसले. मादी ग्रिझली मोठ्या पिल्लासह आली, आणि मादीने सरळ हल्ला केला. वाटाड्याचं पिस्तूल थोड्या अंतरावर सामानापाशी पडलं होतं. ते पाहुण्याच्या हाती लागलं, पण त्याला ते चालवता आलं नाही. त्याने ते वाटाड्याच्या दिशेने फेकलं, आणि तेही पोहोचलं नाही. वाटाड्याने अस्वलावर मिरचीचा फवारा मारल्याच्या खुणा नंतर मिळाल्या, तरी त्याचा जीव गेला. हत्यार होतं, फवारा होता, रानाची जाण होती. कमी पडलं ते हात आणि पिस्तूल यांच्यातलं अंतर.

इकडे अलास्कात, कोडियाकशेजारच्या अफॉग्नाक बेटावर, शिकारीवर लिहिणारे नामांकित लेखक स्टीव्हन रिनेला आणि त्यांचे साथीदार असेच सापडले होते. एल्कचं मांस झाडावर टांगून ते तळावर गेले, नंतर ते उतरवायला परतले आणि तिथेच खायला बसले. तपकिरी अस्वल थेट त्यांच्या घोळक्यात घुसलं. सगळे मुरलेले शिकारी, पण त्या क्षणी रायफल कुणाच्याही हाती नव्हती. चालायच्या काठीने अस्वलावर वार करायची पाळी आली. अस्वल निघून गेलं आणि सगळे सुखरूप राहिले, हे त्यांचं भाग्य. एवढ्या जाणत्या माणसांचंही असं होतं, म्हणून "आम्ही सावध राहू" एवढ्यावर हा विषय सोडू नकोस.

धावतं ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटरचा वेग गाठतं. म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. दाट झाडीत ते तीस मीटरवर दिसलं, तर हातात दोन सेकंद. सॅकला बांधलेली रायफल सोडवायची, बोल्ट ओढून काडतूस नळीत घ्यायचं, सेफ्टीचा खटका सारायचा, दस्ता खांद्याला लावायचा, दुर्बिणीत अस्वल शोधायचं. घरात घड्याळ लावून, रिकाम्या रायफलीने, भरलेली सॅक पाठीवर असताना हे सगळं करून बघ. आकडा तुलाच समजेल.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना तपासल्या. या सगळ्यांत माणसाकडे बंदूक होती. ती उपयोगी का पडली नाही याची कारणं त्यांनी मोजली. सत्तावीस टक्के वेळा वेळच मिळाला नाही. एकवीस टक्के वेळा हत्यार जवळ असून वापरलंच गेलं नाही. चौदा टक्के वेळा ते अडकलं किंवा बिघडलं. त्याखालोखाल नेम चुकणं, अस्वल फार जवळ येणं, बंदूक रिकामी असणं, सेफ्टी न निघणं, गोळी झाडायच्या धांदलीत अडखळून पडणं. या आकड्यांची मर्यादाही लक्षात ठेव: जिथे शिकाऱ्याने बिनबोभाट अस्वल पिटाळलं, अशा किती तरी घटना कुठेच नोंदवल्या जात नाहीत. म्हणून बंदूक निरुपयोगी असा निष्कर्ष यातून काढू नये. पण ती कुठे फसते याचा एवढा चांगला हिशेब दुसरीकडे मिळणार नाही. आणि त्यातली बहुतेक कारणं रायफल नेण्याच्या पद्धतीशी येऊन ठेपतात.

आता ती पद्धत. रायफलीचा पट्टा नुसता खांद्यावर टाकला की सॅकच्या पट्ट्यावरून तो घसरत राहतो. वैतागून माणूस दुसऱ्याच तासाला रायफल सॅकच्या बाजूला करकचून बांधतो. खडी चढण दोन्ही हातांनी चढायची असेल किंवा उघड्या माळावरून चालायचं असेल, तर ते ठीक. झाडीत शिरताना मात्र ती उतरवलीच पाहिजे, कारण पाठीमागे बांधलेली रायफल सॅक काढल्याशिवाय हाती येत नाही. मधला मार्ग म्हणजे सॅकलाच जोडायचा रायफल-धारक. सॅकच्या कमरपट्ट्याशी एक छोटी खोळ असते, तिच्यात दस्ता बसतो. वर खांद्याच्या पट्ट्याला झटक्यात सुटणारा बंद असतो, तो नळीकडची बाजू धरून ठेवतो. वजन कमरेवर जातं, हात मोकळे राहतात, आणि एका हाताने बंद ओढला की रायफल पुढे येते. किफारू कंपनीची असली जोडणी इथल्या शिकाऱ्यांत बरीच रुळली आहे, इतरांच्याही मिळतात. कुठलीही घे, पण ती डोंगरात पहिल्यांदा वापरू नकोस. थंडीचे हातमोजे घालून बंद सोडायचा सराव घरीच कर. नळीचं तोंड चालताना कुणाकडे रोखलं जातं हेही तेव्हाच बघ. तिघांच्या रांगेत पुढच्याची किंवा मागच्याची रायफल आपल्याकडे वळलेली नको.

काडतूस नळीत ठेवावं की नाही, यावर शिकाऱ्यांत कायम वाद होतात. चालताना मॅगझिन भरलेलं आणि नळी रिकामी, हा नियम तुम्ही सोडू नका. दोन सोबती, घसरडे दगड, थकलेले पाय; अशा वेळी भरलेल्या नळीचा धोका अस्वलापेक्षा मोठा असतो. त्याची भरपाई बोल्टच्या सरावाने होते. न बघता, पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, जोरात. भीतीने अर्धवट ओढलेला बोल्ट हे रायफल अडकण्याचं एक नेहमीचं कारण आहे. झाडीत शिरताना रायफलीवरची दुर्बीण सगळ्यात कमी वर्धनावर आणून ठेव, नाहीतर दहा मीटरवरच्या अस्वलाचे नुसते केस दिसतील. नळीच्या तोंडावर विजेच्या तारांना लावतात तसल्या चिकटपट्टीचा तुकडा लाव. पाऊस, बर्फ आणि चिखल आत जात नाही, आणि गोळी त्यातून बिनधोक निघते.

केवढी रायफल, हेही तू विचारशीलच. अमेरिकी वनखात्याच्या मीहान आणि थिलेनियस यांनी जवळच्या अंतरावर अनेक काडतुसं तपासून १९८३ साली अहवाल दिला. जुनी .३०-०६ जड गोळीसह त्यात चांगली उतरली. एल्कला पुरते ती रायफल अडचणीच्या वेळी अस्वलालाही पुरते. केवळ अस्वलाच्या धास्तीने .३७५ उचलू नकोस. तिच्या धक्क्याला बिचकून नेम बिघडला तर तिची ताकद वाया गेली.

पण मुक्ता, मांसाच्या फेऱ्यांकडे मला तुझं सगळ्यात जास्त लक्ष वेधायचं आहे. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस नव्वद-शंभर किलो भरतं. तंबू आणि सामान वेगळं. तिघांच्या किमान दोन फेऱ्या होतात. पहिली फेरी झाली की माणूस थकतो आणि चार किलोंची रायफल तळावर ठेवून जायचा मोह होतो: शिकार तर झाली, आता ती कशाला? आणि तो परत जातो ते नेमकं जिथे मांस आणि आतडी रात्रभर उघड्यावर होती तिथे. पूर्ण प्रवासात रायफल हाताशी ठेवण्याची सर्वात जास्त गरज असलेली चाल हीच.

म्हणून जनावर पडल्यापासून एक जण पहारेकरी. तो सुरी हाती घेत नाही, रायफल ठेवत नाही, आणि मांसाकडे न बघता वाऱ्याच्या दिशेला आणि झाडीच्या कडेला बघतो. अर्ध्या तासाने पाळी बदला. काम लांबेल, लांबू दे. दुपार टळून गेल्यावर लांबवर एल्क दिसला तर बार काढूच नका. अंधारात सोलण्यापेक्षा एक दिवस रिकामा गेलेला बरा. मांसाच्या पिशव्या भरल्या की आतड्यांपासून निदान शंभर मीटर दूर, मोकळ्या जागी, लांबून दिसतील अशा ठेवा. टांगायच्या तर जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब. परतताना वरच्या अंगाने या, दुर्बिणीने जागा न्याहाळा, ओरडा, टाळ्या वाजवा. ढिगाऱ्यावर माती किंवा पालापाचोळा ओढलेला दिसला, तर एल्क आता अस्वलाचा आहे असं समजा. मांसासाठी त्याच्याशी झगडायचं नाही. लाख मोलाचं शिंग असलं तरी नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे तो मिरचीचा फवारा, तिघांच्याही अंगावर हवा, सॅकमध्ये नको. छातीवर किंवा कमरपट्ट्यावर, सॅक उतरवली तरी अंगावरच राहील असा. सोलताना तर त्याचं मोल दुप्पट, कारण रक्ताळलेल्या हाताने डब्याची सेफ्टी क्लिप काढणं रायफल उचलण्याहून सोपं. याच संशोधकांनी १९८५ ते २००६ मधल्या अलास्कातल्या फवाऱ्याच्या घटनाही तपासल्या. बहात्तर वेळा माणसांनी तो वापरला, आणि तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ब्याण्णव टक्के वेळा त्याने काम केलं. मात्र त्यात नुसती चौकशी करायला आलेली अस्वलंही होती, सगळीच धावून आलेली नव्हती. मोंटानातच एनिसजवळ २०१६च्या ऑक्टोबरात एका माणसाने धावत्या मादीवर अगदी बरोबर फवारा मारला, तरी ती आरपार आली, आणि त्याच सकाळी तिने त्याला दोनदा गाठलं. तो रक्तबंबाळ अवस्थेत चालत गाडीपर्यंत पोहोचला आणि वाचला. फवारा वाऱ्याविरुद्ध निरुपयोगी होतो, डबा सात-आठ सेकंदांत संपतो, आणि त्याचा पल्ला जेमतेम आठ-दहा मीटरचा. तरी तो घ्यायचाच. सरावासाठी बिनतिखट डबे मिळतात, ते आणून तिघंही एकदा मारून बघा. आणि तंबूभोवती कधी शिंपडू नका; सुकलेल्या फवाऱ्याच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात, हे इथे अलास्कात दिसून आलं आहे.

आवाजाचं तुला वेगळं सांगायला नको. आपल्या गडचिरोलीकडे पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांवर अस्वलांचे हल्ले होतात, ते बहुतेक असेच: खाली वाकलेला माणूस, खाली वाकलेलं अस्वल, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. म्हणून जाणती माणसं गटाने, बोलत, काठी आपटत जातात. शिकारीला जाणाऱ्याची अडचण अशी की त्याला चोरपावलांनीच चालावं लागतं, वाऱ्याविरुद्ध, पहाटे आणि तिन्हीसांजेला. अस्वलाला बिथरवण्याची सगळी लक्षणं त्याच्यात एकवटतात. त्यामुळे ज्या वेळी शिकार चालू नाही, म्हणजे तळाकडे जाताना, पाणी आणताना, मांस वाहताना, तेव्हा तरी मोठ्याने बोला.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण याबाबत सोबत्यांचं ऐकून चालणार नाही. ते तिथले नागरिक आहेत, तू विद्यार्थी व्हिसावर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, मित्राची धरूनही. वैध शिकार परवाना असला की त्या मनाईतून सूट मिळते. म्हणजे परवाना हाती येण्याआधी रायफलीला हात नको, चांदमारीतसुद्धा नको. घरी करायचा म्हणून वर सांगितलेला सरावही परवान्यानंतरच. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आणि एखाद्या वकिलाकडे हे आधी खात्री करून घे. मोंटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण पूर्ण केल्याखेरीज सहसा परवाना मिळत नाही. ते मन लावून कर. ग्रिझली संरक्षित आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीच ते मारता येतं, त्याची पाच दिवसांत खबर द्यावी लागते, आणि चौकशी होते. तशी वेळ आलीच तर जागा तशीच ठेवून लगेच कळवा. कधी अलास्कात आलीस, तर अमेरिकेची नागरिक नसल्यामुळे तुला इथे कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागेल. मामा सोबत असून भागणार नाही.

स्प्रेचा डबा विमानात नेता येत नाही, सोबतही नाही आणि सामानातही नाही, त्यामुळे तो बोझमनमध्येच घ्या. तुमच्या फेऱ्यांचा आराखडा, कुठे तळ, कुठून पाणी, मांस कोणत्या वाटेने आणणार, आणि पहाऱ्याचा क्रम, हे नकाशावर आखून निघण्याआधी पंधरवडाभर मला पाठव. ताईला मी काय सांगायचं ते सांगीन. परतीचा दिवस आणि तास मात्र तिला तू स्वतः कळव, आणि त्या तासानंतर किती वेळ वाट बघून बचावपथकाला फोन करायचा, तेही.

तुझा,
मामा